फॉरमॅट तेवढा चेंज करून घ्या

प्रति,
मा. परचेस मॅनेजर साहेब,
पुणे.
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागचं बिल अजून निघायचं आहे.)

विषय : फोटोचे ड्रॉइंग करून घेण्याबाबत.
संदर्भ : आपला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ‘फॉरमॅट तेवढा चेंज करून घ्या.’

साहेब,

पत्र जाहीर लिहितो आहे, कारण खाजगी मेल आपण वाचत नाही असा अनुभव आहे. आणि मराठीत लिहितो आहे, कारण आपण पुण्याचे आणि मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून बेंगळुरूच्या पीण्यात येऊन पडलेला. इथं दिवसभर कन्नड, तमिळ, हिंदी कानावर पडत असताना मध्येच आपला ‘काय म्हणताय’ असा फोन आला की बरं वाटतं. आपलं काम मी घेतो ते एवढ्याचसाठी. आपला दर पाहून दुसरं कुणी घेणार नाही.

गेल्या महिन्यात आपण तीन एमएम पत्र्याच्या ब्रॅकेटची ऑर्डर दिलीत. सोबत एक फोटो. टेबलावर पसरलेलं ए-वन साइजचं ड्रॉइंग, एका कोपऱ्यावर चहाचा ग्लास, दुसऱ्या कोपऱ्यावर कुणाचा तरी अंगठा आणि मधोमध पंख्याची सावली. फोटो तिरका होता, पण भावना सरळ होती: ‘अर्जंट.’ मी कळवलं, साहेब, लेझर मशीनला डीएक्सएफ लागते, जेपीजी चालत नाही. तासाभरात डीएक्सएफ आली. एवढ्या तत्परतेनं आपण पेमेंटही करत नाही, त्यामुळे मी हरखलोच. पण सॉफ्टवेअर ती फाइल उघडेना. शेवटी नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळा अगम्य मजकूर आणि पहिल्याच ओळीत ‘जेएफआयएफ’ ही चार इंग्रजी अक्षरं. म्हणजे आत जेपीजीच! आपण फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं तेवढी बदलली होतीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण शाळेत पाठ केली होती, पण तिची फाइल मला कुणी पाठवली नव्हती.

आपल्या मते फॉरमॅट म्हणजे जेवणाचा डबा. भाजी तीच, डबा बदलायचा. त्यात ‘एवढं’ काय आहे?

एवढं आहे, साहेब. खरी डीएक्सएफ ही ऑटोकॅडबरोबर १९८२ पासून चालत आलेली साधी लिखित फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर वाचता येते. भोक असेल तिथं ‘सर्कल’ असं लिहिलेलं असतं, १० आणि २० या आकड्यांखाली मध्यबिंदू आणि ४० या आकड्याखाली त्रिज्या. आपल्या बारा एमएमच्या भोकासाठी तिथं सहा लिहिलेलं सापडेल. मशीन तो मध्य, ती त्रिज्या घेतं आणि एका दमात गोल फिरतं. जेपीजीत सर्कल नावाची वस्तूच नसते. असतात ते काळे, पांढरे आणि त्यांच्या सीमेवरचे करडे ठिपके. त्यांना भोक म्हणणारे आपण आणि मी. मशीनला तेवढी कल्पनाशक्ती कुणी दिलेली नाही.

तरीही आपला शब्द मोडायचा नाही म्हणून मी त्या फोटोचं ट्रेसिंग सॉफ्टवेअरमधून करून पाहिलं. बारा एमएमचं भोक तीस-पस्तीस बारक्या रेघांचं होऊन आलं. लेझरचं डोकं प्रत्येक कोपऱ्यावर अडखळलं, अडखळलं तिथं पत्रा जास्त तापला आणि कड काळवंडली. आमच्या ऑपरेटरनं पीस उजेडात धरला, एका डोळ्यानं भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘सार, इदु तूता, चक्कुलीना?’ भोक आहे की चकली? बोल्ट दोन्हीतून गेला नसता.

मग मी सगळं हातानं, आकडे वाचून नव्यानं काढायला बसलो. तिथं आपल्या फोटोची खरी परीक्षा झाली. ए-वन कागद ८४१ मिलिमीटर लांब. व्हॉट्सअ‍ॅपनं दळून पाठवलेला फोटो लांबीला १६०० ठिपके. म्हणजे एका ठिपक्याला कागदाचा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त भाग आला. ड्रॉइंगवरचे आकडे अडीच मिलिमीटर उंच. पाच ठिपकेसुद्धा धड नाहीत! पाच ठिपक्यांत इंग्रजी सहा आणि इंग्रजी आठ सख्खे भाऊ दिसतात, फरक काय तो वरच्या पोटाचा. दोन भोकांमधलं अंतर ६८ की ८८, हे मी स्क्रीन मोठी करून, लहान करून, चष्मा काढून आणि घालून पाहिलं.

फोन लावला, तर आपण मीटिंगमध्ये होतात. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हणालात, ‘अहो, अंदाज येईल की तुम्हाला.’ जाता जाता तोच फोटो पीएनजी करून पाठवलात, खाली ‘हाय क्वालिटी’. फाइल कितीतरी जड झाली, आकडा होता तसाच राहिला. पीएनजी हा प्रामाणिक कारकून आहे हो, हातात येईल तो ठिपका न ठिपका जपून ठेवतो. पण त्याच्या टेबलावर कागद यायच्या आधीच जे खोडलं गेलं, ते तो कुठून आणणार?

या खोडण्यामागचा माणूस गंमत म्हणजे आमच्याच बेंगळुरूतला. जेपीजीच्या पोटात जे गणित चालतं, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म, ते सुचवलं नासिर अहमद यांनी. जन्म बेंगळुरूचा, १९४० चा. इंजिनिअरिंग इथंच, के. आर. सर्कलजवळच्या आताच्या यूव्हीसीई कॉलेजात, पुढे अमेरिका. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, तर कल्पना फारच सोपी वाटते म्हणून नकार आला. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह शोधनिबंध १९७४ च्या जानेवारीत छापून आला. आज जगभरातले ‘शुभ सकाळ’ त्याच्यावर चालतात. (सोप्या कामाला पैसे न देण्याची पद्धत आपल्या परचेस खात्यानं शोधलेली नाही, हे यावरून कळेल.)

गणित असं की चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन कमीजास्त लांबीच्या लहरींत मांडायचा आणि डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या बारीक लहरी टाकून द्यायच्या. नातवाच्या गालावरच्या बारीक लहरी गेल्या तर आजीला कळत नाही. ड्रॉइंगवर मात्र पांढऱ्यावर काळी बारीक रेघ एवढाच ऐवज असतो, आणि ती रेघ त्याच लहरींवर उभी असते. त्या गेल्या की आकड्यांभोवती डास घोंघावल्यासारखे करडे ठिपके जमतात. फोटो आणखी एकदा सेव्ह करून पुढे पाठवला की आणखी डास. आपल्याकडचा फोटो डिझाइन खात्यातून क्वालिटीत, तिथून आपल्याकडे आणि आपल्याकडून माझ्याकडे आला होता. अहमदसाहेबांचा यात काही दोष नाही. त्यांनी गालांची सोय केली, ब्रॅकेटची नव्हे.

उद्यमनगरात मी उमेदवारी केली तिथले ड्राफ्ट्समन काका ट्रेसिंग पेपरवरून अमोनिया प्रिंट काढत. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, पण प्रिंटची प्रिंट काढू द्यायचे नाहीत. नवी हवी असेल तर पुन्हा मूळ ट्रेसिंगकडे जायचं. ड्रॉइंगवर ‘डू नॉट स्केल’ लिहिलेलं असायचं, म्हणजे कागदावर पट्टी ठेवून माप घेऊ नका, लिहिलेला आकडा वाचा, कारण कागद ताणतो, आकसतो. काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, एवढं त्यांना ठाऊक होतं.

आपल्या ऑफिसातल्या नव्या मुलानं सुचवलं की नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, तिथं टाका. साहेब, ऑर्डरच्या आधी आपण माझ्याकडून ड्रॉइंग कुणाला दाखवणार नाही अशा करारावर पानापानावर सही घेतलीत. मग तेच ड्रॉइंग कुठल्या देशात बसलाय ते माहीत नसलेल्या सर्व्हरवर चढवायचं? हो म्हणत असाल तर तसं लेटरहेडवर द्या.

तसा फॉरमॅट बदलण्याला माझा विरोध नाही. माझ्या पुतण्याला बँकेच्या आयबीपीएस परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो २० ते ५० केबीत आणि सही १० ते २० केबीत बसवून मीच दिली. तिथं सही थोडी फुटली तरी ती त्याचीच राहते. ब्रॅकेटचं तसं नाही.

आता चूक कबूल करतो. मी अंदाज केला. ८८ धरून चाळीस पीस कापले, बेंड केले, पावडर कोटिंगला पाठवायच्या आत आपला फोन आला: ६८. पत्रा माझा, गॅस माझा, रात्रपाळी माझी. आपण म्हणालात, ‘कन्फर्म करून घ्यायचं ना!’ त्यानंतर तासाभरात आपल्याच डिझाइन खात्यातून मूळ डीएक्सएफ आली. ती त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. मागायला कुणी गेलं नव्हतं.

तर विनंती अशी, की यापुढे फोटो पुढे पाठवण्याआधी डिझाइनवाल्यांच्या टेबलापर्यंत चालत जावं. मूळ डीएक्सएफ मागावी, मिलिमीटरमध्ये, एकास एक मापात. सोबत आकडे दिसतील अशी कॅडमधून काढलेली पीडीएफ असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे वाटेत तिला कुणी हात लावत नाही.

आपला,
एक जॉबवर्कवाला,
पीण्या सेकंड स्टेज, बेंगळुरू.

ता. क. ते चाळीस ब्रॅकेट शटरजवळ रचून ठेवलेत. बघायला यायचं असेल तर ग्रीन लाइनची मेट्रो धरून पीण्या इंडस्ट्री स्टेशनला उतरा, मी न्यायला येतो. भंगारवाला शनिवारी येतो.