राजारामपुरी संवेदनशील करा!

पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत, मधल्या बोळांसकट, कोल्हापुरातली अख्खी राजारामपुरी केंद्र सरकारनं ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरातल्या माणसांनी एकट्यांनीच किती वर्षं संवेदनशील राहायचं?

मागणी सुचली ती मंडळाच्या बैठकीत. विषय होता ‘सह्याद्री वाचवा’. बॉक्साइटच्या खाणी बंद झाल्याच पाहिजेत यावर एकमत झालं. असं एकमत आमच्या मंडळात वर्गणीच्या हिशेबावर आजवर झालेलं नाही. रविवारी दाजीपूरपर्यंत बुलेट रॅली काढायचं ठरलं. सायलेन्सर बदललेल्या गाड्या पुढं, म्हणजे आपल्या बाजूनं कोणीतरी आलंय हे गव्यालाही कळेल. ठरावानंतर जेवणं. तांबड्या रश्श्याचं जर्मनचं पातेलं दोघांनी धरून आणलं, कान तापले होते म्हणून एकानं गळ्यातला टॉवेल अडकवलेला. घरी न्यायला फॉइलचे डबे. मागं नवी कोरी स्लायडिंग खिडकी. पातेलं, डबे, खिडकी, सगळ्यांचा मूळपुरुष एकच : बॉक्साइट. हे मी बोलणार होतो, पण तेवढ्यात पांढरा रस्सा आला.

चार-पाच टन बॉक्साइटमधून जेमतेम एक टन ॲल्युमिनियम निघतं. शिवाय त्या एका टनाला १४-१५ हजार युनिट वीज लागते आणि आपल्याकडच्या कारखान्यांत ती बहुतेक कोळशाची. म्हणजे पातेल्यासाठी इथला डोंगरमाथ्यावरचा सडा उकरायचा आणि तिकडं कोळशाच्या मुलखात आणखी कुणाचं तरी गाव. राधानगरीतल्या दुर्गमानवाडचा तांबडा दगड बेळगावच्या कारखान्यात जातो, तिथं त्याची ॲल्युमिना पावडर होते. सीमाप्रश्नावर एवढी आंदोलनं झाली, पण डंपर अडवून ‘कुठल्या राज्याचा रे दगड तू?’ असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

सडा लांबून उजाड दिसतो. झाड नाही, म्हणून साहेबांच्या लेखी पडीक. पावसाळ्यात तिथं वीतभर गवत आणि बोटभर फुलं येतात, जांभ्याच्या भोकांतून पाणी मुरतं आणि पायथ्याच्या झऱ्याला उन्हाळ्यापर्यंत पुरतं. त्याच डोंगररांगांतून भोगावती निघते, दूधगंगा निघते. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी किती मोर्चे काढले, किती घागरी फोडल्या! पाइपलाइनच्या वरच्या टोकाला डोंगर असतो, एवढंच फलकावर लिहायचं राहून गेलं.

सरकारनं मात्र लिहिण्यात हयगय केलेली नाही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं असा जपून ठेवला की, माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयानं कान पिळल्यावर मे २०१२ मध्ये लोकांना दिसला. काय करायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा, हे त्यातलं म्हणणं कुणालाच पटलं नाही : सरकारला नाही, खाणवाल्याला नाही आणि मंडळालाही नाही, कारण ग्रामसभेनं आपल्या रॅलीला नको म्हटलं तर? मग कस्तुरीरंगन समिती आली. नंतर संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे, २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा. मुदत संपते, नवा निघतो, हरकतींना ६० दिवस मिळतात. सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला. आदल्याच पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता. एवढी तत्परता महापालिकेच्या खड्ड्यालाही मिळत नाही.

मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. नव्या खाणींना बंदी, चालू खाणी जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद, २०,००० चौरस मीटरच्या वरचं बांधकाम नाही. घराच्या डागडुजीला मनाई नाही, असंही त्यातच लिहिलंय. पण गावात पोचलं ते वेगळंच : गोठ्यावर पत्रा घालता येणार नाही, बांधावरचं आपलं झाड तोडलं की जेल. समजावून सांगायला कुणी गेलंच नाही. आम्ही गेलो, पण गवा बघायला. ज्या घरातला पोरगा डंपरवर आहे त्याला खाण हवी, ज्याचा झरा आटला त्याला नको आणि या दोन घरांची भिंत बहुतेक वेळा सामाईक. रात्री गवा येऊन दोघांचाही ऊस सारखाच खातो.

म्हणून म्हटलं, संवेदनशीलतेची सुरुवात राजारामपुरीतून व्हावी. गणेश आगमनाच्या मिरवणुकीत साउंडच्या भिंती उभ्या राहतात, त्या पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद. पार्किंगवर दुकान चढवायला बंदी. जयंती नाल्यात काय सोडायचं ते गल्लीची सभा ठरवेल. हरकतींना ६० दिवस.

हा मसुदा मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात राजारामपुरीची राधानगरी झाली. ‘भावा, गॅलरीला ग्रिल बसवू देणार नाहीत म्हणे.’ ‘कुंडीतली तुळस उपटली तरी दंड.’ ‘बुलेट बंद, बैलगाडी आणा म्हणतायत.’ एका जाणत्यानं हा विकासविरोधी कट असल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं त्यामागं परदेशी पैसा शोधला. मसुदा कुणी उघडला नव्हता. उघडायला इंटरनेट लागतं आणि तेव्हा सगळे रील बघत होते.

आता मोर्चाची तारीख पक्की झालीय. ‘राजारामपुरी बचाव कृती समिती’ स्थापन झालीय. हरकती कशा लिहायच्या हे कुणालाच माहीत नसल्यानं राधानगरीकडचा एक अनुभवी खाणसमर्थक सल्लागार म्हणून बोलावलाय. मानधन काही घेत नाही बिचारा, फक्त जाताना जेवणाचं तेवढं बघा म्हणाला.