खून थांबवा, साल तपासायचं आहे

ऐतिहासिक रहस्यकथा वाचणाऱ्याला या जगात कोणी वाली नाही. साधी रहस्यकथा वाचणाऱ्याचं बरं असतं. प्रेत सापडतं, सात-आठ जणांवर संशय घ्यायचा, खुनी सापडला की दिवा मालवायचा. आम्हाला प्रेताबरोबर सालही सांभाळावं लागतं.

वाचनालयातून सुजाता मॅसी यांची 'अ मर्डर ऑन मलबार हिल' आणली. १९२१ची मुंबई. परवीन मिस्त्री ही तरुण पारशी वकील, फोर्टात ब्रूस स्ट्रीटवर वडिलांची पेढी. मलबार हिलच्या बंगल्यात एकाच नवऱ्याच्या तीन पडदानशीन विधवा. तिघींनी आपापला मेहेर वक्फला देऊन टाकल्याचा कागद येतो आणि सह्या बघून परवीनला शंका येते. परपुरुषासमोर त्या यायच्या नाहीत, म्हणजे आत जाऊ शकेल असा वकील एकच. हे इतकं झकास जमलंय की खून नसता झाला तरी चाललं असतं. (होतो. पण लेखिकेला घाई नाही.)

तक्रार पुढची आहे. परवीन वकील, पण कोर्टात उभी राहत नाही. का? पुस्तक उपडं ठेवून शोधाशोध. बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३चा निघाला. मग परवीनमागची खरी प्रेरणा, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, आठवल्या. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पदवी मिळाली १९२२ साली. या तीस वर्षांवर संतापण्यात माझी सबंध दुपार गेली. तिकडे बंगल्यात खून झालेला माणूस तसाच पडून. मयताची काही आब असते की नाही?

घरच्यांची मदत वेगळीच. सासूबाईंना गोष्टीत रस नाही, निकालात आहे. मालिकेत जाहिरात लागली की, "कोण निघालं गं?" ब्रूस स्ट्रीट म्हणजे आताचा होमी मोदी स्ट्रीट, हे यांनी मला इतक्यांदा सांगितलं की जणू मी तिथे जायला टॅक्सी थांबवून ठेवली आहे. न्यू जर्सीच्या नणंदेनं 'पुढचा भाग' म्हणून कौतुकानं 'द विडोज ऑफ मलबार हिल' आणलं. ते तिकडच्या आवृत्तीचं नाव. तीच परवीन, त्याच विधवा, तोच मयत. वर मलाच म्हणाली, "वहिनी, शेवट सांगू नका हं!"

सगळ्यात मोठा उपद्रव मात्र माझ्या आधीच्या सभासदाचा. त्यानं एका पात्राच्या नावाखाली बॉलपेननं दोन रेघा ओढून समासात लिहून ठेवलं होतं, 'हाच.' पुढची सगळी पानं मी त्या गृहस्थाकडे वाकड्या नजरेनं बघत होते. निर्दोष निघाला. वाचकाची दिशाभूल करणं हे लेखिकेचं काम आहे, तिनं ते चोख केलंय. त्यात वर्गणीदारांनी हात घालू नये.

दुसरा भाग मागितला तर वाचनालयानं तिसरा दिला, 'द बॉम्बे प्रिन्स'. दुसरा कोणीतरी नेलाय, आणत नाही. असो. १७ नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरतो, गावात दंगल पेटते, इकडे कॉलेजातली एक मुलगी मरून पडते. आणि माझ्या डोळ्यांपुढे राजपुत्रामागे गेटवे ऑफ इंडिया, कबुतरं, फोटो काढून देणारे. गेटवे खुला झाला डिसेंबर १९२४मध्ये. त्यामुळे त्या मुलीकडे वळण्याआधी अख्खा गेटवे पाडत बसावं लागलं. शेजारच्या ताजला मात्र हात लावला नाही. तो १९०३चा आहे, कागदपत्रं व्यवस्थित आहेत.