दहावा नमुना

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं, ही गोष्ट मी आयुष्यात दोनच ठिकाणी सांगितली. एकदा मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा आणि एकदा शिक्षकखोलीत चहा पिताना. दोन्ही ठिकाणी ती अंगाशी आली. पहिल्या ठिकाणी ‘जावई डॉक्टर होणार’ असा समज झाला आणि सासरेबुवांनी तो शेवटपर्यंत जपला. दुसऱ्या ठिकाणी ती मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली.

“सर, तुम्हाला संशोधनाचा अनुभव आहे. यंदा बाल विज्ञान परिषदेचे मार्गदर्शक तुम्हीच.”

फी भरणे आणि गाइडच्या घरी गॅसची टाकी पोचवणे, एवढाच माझा संशोधनाचा अनुभव. पण भर शिक्षकखोलीत तो तपशील कसा सांगणार? मी मान डोलावली.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं, गटात दोघं, विषय आपल्या गावातला, प्रयोग स्वतः करायचा आणि नोंदवही ठेवायची. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. आमच्या शाळेला सवय विज्ञान प्रदर्शनाची. थर्माकोलचा डोंगर, त्यात खायचा सोडा, वर व्हिनेगर आणि कुंकवाचं पाणी, की झाला ज्वालामुखी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जेवढा लाव्हा वाहिला, त्याच्या खालोखाल तो माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर वाहिला असेल. पण ज्वालामुखीत प्रश्न नसतो. फेस येणार हे सोडा घालणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि बक्षीस देणाऱ्यालाही.

नववीतल्या दोन मुली पुढे आल्या. एक दोन वेण्यांची, एक चष्मेवाली. मी खडू हातात घेऊन विषय सुचवला, “कृष्णेच्या पाण्यातील जड धातूंचे प्रमाण.”

“सर, ते मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे?” चष्मेवालीनं विचारलं.

“नाही.”

“मग जिल्ह्यात कुठे आहे?”

मी खडू खाली ठेवला.

वेणीवाली म्हणाली, “सर, आजी म्हणते, मातीच्या बोळक्यातलं दही घट्ट होतं आणि लवकर आंबत नाही. हे खरं का?”

“अर्थात खरं. माती सच्छिद्र असते,” मी ताबडतोब म्हणालो. वीस वर्षं शिकवल्याचा हा परिणाम. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर बाहेर पडतं.

“तुम्ही मोजलंय, सर?”

मोजलं नव्हतं. विषय ठरला.

मग मात्र मी रंगलो. दुधातल्या साखरेचं जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, दुधाचा सामू साडेसहाच्या वरून उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं, तेच दही, हे सगळं सांगितलं. नऊ ग्रॅम दही घ्यायचं, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड जितके मिलिलिटर लागतील त्या आकड्याला दहानं भागायचं, की आम्लता थेट टक्क्यांत मिळते, ही युक्तीही दाखवली. फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं असतं. माझा ब्युरेटचा नळ फिरेपर्यंत दही पैठणीच्या रंगाचं झालं होतं. “हे कसं करू नये, ते दाखवलं,” असं मी म्हणालो. चष्मेवालीनं तेही वहीत लिहून घेतलं.

घट्टपणा मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. ती अडचण वेणीवालीनं भावाच्या डब्यातली काचेची गोटी आणून सोडवली. पुठ्ठ्याच्या नळीतून ठरावीक उंचीवरून गोटी दह्यात सोडायची आणि ती किती खोल गेली ते विणकामाच्या सुईनं मोजायचं. मी पीएच.डी. अर्धवट का सोडली, ते मला त्या क्षणी नीट कळलं.

नोंदवहीवर तर मी तासभर बोललो. नियम तीन. पेननंच लिहायचं. खोडलं तरी खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जे घडलं तेच लिहायचं, जे घडायला हवं होतं ते नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो. आवाजात कंपही आणला होता.

शाळेची प्रयोगशाळा पाचला बंद होते आणि नंतर तिथे उंदरांचं संशोधन चालतं. म्हणून प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात करायचा ठरला. शनिवारी दुपारी चार वाजता ओट्यावर नऊ भांडी लागली. तीन स्टीलच्या वाट्या, तीन काचेचे पेले, तीन मातीची बोळकी. एकाच पातेल्यातलं, बोटाला सोसवेल इतकं कोमट दूध, प्रत्येकी २०० मिलिलिटर, एकेक चमचा विरजण. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि क्रमांक, एक ते नऊ. प्रत्येकाचं वजन करून मुलींनी वहीत टिपलं.

“अहो, नऊ नमुने ठेवलेत ओट्यावर. दहावा तर मी रोज पोसतेच आहे,” बायको म्हणाली. मुली फिदीफिदी हसल्या. मी मार्गदर्शकाला शोभेल असा चेहरा केला.

मुली घरी गेल्या. रात्री साडेअकराचं तापमान घेण्याची जबाबदारी माझी होती.

आता त्या रात्रीबद्दल. साडेसातला मूगडाळीची खिचडी खाल्ली होती, आणि खिचडी साडेअकरापर्यंत टिकत नाही हे कोणी मोजून पाहायची गरज नाही. मी थर्मामीटर घेऊन ओट्याशी गेलो. शेजारी झाकणाखाली उरलेला फोडणीचा भात होता. भाताला दही हवं. घरातलं दही सगळं विरजणात गेलेलं. आणि डोळ्यांसमोर नऊ भांडी.

स्टीलच्या आणि काचेच्या भांड्यांकडे मी पाहिलंही नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवायला हवं. आठ नंबरच्या बोळक्यावरचं झाकण फक्त तापमानासाठी काढलं. दही असं लागलं होतं की बोळकं कलतं केलं तरी हलत नव्हतं. मी एकच चमचा घेतला, चव पाहण्यासाठी. चव हे सुद्धा एक निरीक्षण आहे. दुसरा चमचा पहिल्याची खात्री करण्यासाठी. तीन वाचनांची सरासरी घ्यावी, असं मीच शिकवतो.

बोळकं रिकामं झालं तेव्हा मला विज्ञान आठवलं.

इथे एखादा सरळ माणूस झोपला असता आणि सकाळी मुलींना फोन केला असता. मी बोळकं नळाखाली धुतलं. सकाळी सातला दूध आणायच्या निमित्तानं कोपऱ्यावरच्या डेअरीतून दह्याची पिशवी आणली आणि आठ नंबरात ओतली. वरून चमच्यानं सारखी केली. झाकण ठेवलं. चिकटपट्टी जागेवर होती. फार तर एक चुकार वाचन येईल, मी मनाशी म्हटलं. नऊ भांड्यांत एवढं चालतं.

रविवारी चारला मुली आल्या. आधी वजन. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडून जातं, तेव्हा बोळक्यांचं वजन घटायला हवं, हा वेणीवालीचा अंदाज. सात नंबर घटलं होतं. नऊ नंबर घटलं होतं. आठ नंबर वाढलं होतं. चांगलं बावीस ग्रॅम.

“सर,” चष्मेवाली म्हणाली, “झाकण लावलेल्या भांड्यात वजन वाढतं कसं?”

वस्तुमान अक्षय्यतेचा नियम मी नववीला जूनमध्येच शिकवला होता. लाव्हाझिएचं नाव फळ्यावर ठळक काढलं होतं. रात्री धुतलेलं बोळकं नळाचं पाणी पिऊन बसतं आणि डेअरीवाला मापात कंजूष नसतो, हे मात्र शिकवायचं राहिलं होतं.

“काटा हलला असेल,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. मग गोटी. सात नंबरात ती अर्ध्यावर थांबली. नऊ नंबरातही साधारण तिथेच. आठ नंबरात ती सरळ तळाला गेली आणि टक्क असा आवाज आला. तो आवाज मला अजून कधी कधी झोपेत ऐकू येतो.

सुईनं गोटी काढताना वेणीवाली थबकली. तिनं चमच्याच्या टोकावर काहीतरी घेतलं, उजेडात धरलं आणि चष्मेवालीच्या चष्म्यासमोर नेलं.

“मोहरी,” चष्मेवाली म्हणाली. “तडतडलेली.”

बोळक्याच्या खरबरीत आतल्या बाजूला ती चिकटून राहिली असणार. सच्छिद्र मातीचे आणखीही काही गुणधर्म असतात.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वहीत पाहिलं. “रात्री साडेअकराला तापमान कोणी घेतलं?” असं चष्मेवालीनं वहीलाच विचारलं आणि माझ्या अक्षरातल्या नोंदीवर बोट ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, “काकू, काल रात्री फोडणीचा भात होता का?”

“होता,” आतून उत्तर आलं. “सकाळी पातेलं चाटूनपुसून लख्ख.”

मी कबूल झालो. रविवारच्या संध्याकाळी स्वतःच्या घरात, दोन तेरा-चौदा वर्षांच्या मुलींपुढे उभं राहून, डेअरीच्या पिशवीसकट सगळं सांगितलं. वेणीवाली पेन उघडून लिहू लागली. “नमुना क्र. ८ मार्गदर्शकांनी रात्री ११.३० नंतर खाल्ला. भांडे धुऊन त्यात विकतचे दही भरले. पुरावा : वजन, गोटी, मोहरी.”

“अगं, ‘अपरिहार्य कारणास्तव नमुना बाद’ एवढंच लिही ना,” मी म्हणालो.

तिनं पेन थांबवलं. “अपरिहार्य होतं का, सर?”

चष्मेवालीनं ती मोहरी कागदावर ठेवली, वर चिकटपट्टी लावली आणि तो कागद वहीत डकवला. मी त्यांना खोडायला सांगू शकत होतो. पण खोडलं तरी खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियमही माझाच होता.

पुढच्या शनिवारी सगळा प्रयोग पुन्हा झाला, वेणीवालीच्या घरी. आजींनी नऊही भांड्यांवर राखण केली. मला साडेचारला बोलावलं, चहा दिला आणि साडेपाचला पाठवून दिलं. या वेळी तिन्ही बोळकी घटली, वर पाणी फारसं सुटलं नाही, गोटी अर्ध्यावर थांबली. घट्टपणाबाबत आजींचा दावा टिकला. आंबटपणात फरक होता, पण तीन-तीन नमुन्यांवरून ठाम बोलण्याइतका नव्हता, आणि मुलींनी तसंच लिहिलं. मी म्हटलं, “थोडं ठाम लिहिलं तर परीक्षकांवर छाप पडेल.” दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी चहा संपवला.

जिल्हा पातळीवर परीक्षक बाईंनी तक्ते पाहिले, गोटी पाहिली, खूश झाल्या आणि नोंदवही मागितली. मी खांबामागे सरकलो. पानं उलटत गेली, मग थांबली. त्यांनी चिकटपट्टीवर बोट फिरवलं. “ही काय आहे?”

“मोहरी,” वेणीवाली म्हणाली.

बाईंनी ती नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि अहवालाचं शेवटचं पान उघडलं. तिथे ‘मर्यादा’ असा मथळा होता आणि खाली तीन मुद्दे. एक, नमुन्यांची संख्या कमी. दोन, थर्मामीटर एका अंशापेक्षा बारीक मोजत नाही. तीन, मार्गदर्शक.

“पुढच्या वेळी काय सुधारणा कराल?” बाईंनी हसू दाबत विचारलं.

“सरांना आधी जेवायला घालू,” चष्मेवाली म्हणाली.

राज्य पातळीसाठी त्यांची निवड झाली. माझ्या नावाचं मार्गदर्शकाचं प्रमाणपत्रही आलं. बायकोनं ते फ्रिजवर लावलंय, दाराच्या मुठीच्या बरोबर वर.

यंदा त्या दोघी दहावीत आहेत. नववीतल्या नव्या जोडीनं इडलीच्या पिठाचा विषय घेतलाय. तांदूळ, डाळ, किती तासांत किती फुगतं, थंडीत का फुगत नाही. परवा त्यांचा निरोप आला, “सर, प्रयोग शनिवारी चारला, आमच्याकडे. तुम्ही जेवून या.”