रांगते नाना

होम थिएटरवाले नाना तुमच्याही सोसायटीत असतीलच. सिनेमाला बोलावतात आणि सिनेमा बघू देत नाहीत. पडद्यावर डायनोसोर पाऊल टाकतो न टाकतो, तोच रिमोट दाबला जातो. "आता हेच पाऊल परत. पण इथून ऐका."

आमच्या नानांकडे सबवूफर आला त्या रविवारी मी चहाला गेलो, तर सोफ्यावर माझ्या जागी ती काळी पेटी ऐसपैस बसलेली, आणि नाना लेंगा गुडघ्याच्या वर खोचून भिंतीकडेनं रांगतायत. वहिनी कपबशा सांभाळत त्यांना ओलांडून गेल्या.

ही म्हणे शास्त्रोक्त रीत. पेटी ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायची, एकच घुमणारा तुकडा लावायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे घुमार स्वच्छ लागेल तिथे पेटीची स्थापना. कारण 40 हर्ट्झची एक लाट साधारण 28 फुटांची आणि नानांचा हॉल 14 फुटांचा. ती भिंतींवर आपटून परतते, कडेला फुगते आणि बरोबर मधोमध गडप होते. नानांचा सोफा अर्थातच मधोमध.

मग जो येईल तो रांगू लागला. केबलवाला रांगला. "वरून दणके येतात, आमची ताटं मांडणीत थरथरतात" असा अर्ज घेऊन आलेले सेक्रेटरी टीव्हीखाली कान लावून ओणवे सापडले. मुलीला बघायला आलेला मुलगा कांदेपोहे बाजूला ठेवून रांगला. "मुलगा छान रांगतो हो," एवढ्यावर नानांनी होकार दिला. पगार नंतर विचारला. फेजचं बटण शून्यावर की 180 वर, क्रॉसओव्हर 80 वर की 90 वर, यावरून नाना-वहिनींत दोन दिवस अबोला होता. वहिनींना त्यातलं काही कळत नाही. त्यांना केर काढायचा होता.

नानांच्या आईंना आता जवळजवळ ऐकू येत नाही. भिंतीला टेकलेल्या खुर्चीत त्या दिवसभर बसून असतात. एकदा रांगता रांगता दमून नानांनी पेटी त्यांच्याजवळ ठेवली आणि जुनं भजन लावलं. आईंनी सहज पेटीवर हात टेकला. मग तो काढलाच नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पखवाजवाल्याचा हात फार जड आहे रे."

सोसायटीच्या नोटिसांनी जे झालं नाही ते झालं. नानांनी आवाज कमी केला. जड हाताच्या वादकाला आमच्या घरात कोणी बसवून घेत नाही, म्हणाले. उगाच दुसरीकडे तोंड फिरवून.

पेटी आता तिथून हलणार नाही. सोफा मधोमध असेपर्यंत कितीही रांगलं तरी 40 हर्ट्झ हाती लागणार नव्हतेच, हेही नानांना आता कुठे उमगलंय. काल जिन्यात गाठलं मला. "गुडघ्यांना काही लावता का हो? रविवारी सोफ्याची जागा शोधायचीय."