काळ्या पडद्याचा स्पष्ट व्हिडिओ

प्रति,
माननीय वॉरंटी विभाग,
हार्डवेअर वॉलेट बनवणारी एक नामांकित कंपनी,
मुक्काम युरोप.



आपलं ताजं उत्तर मिळालं. माझी तक्रार आपल्यासाठी अत्यंत महत्त्वाची असल्याचं वाचून बरं वाटलं. आधीच्या उत्तरातही ती महत्त्वाचीच होती, त्याच्या आधीच्याही. आपल्या यंत्रापेक्षा हे महत्त्व बरंच टिकाऊ निघालं. आपण पुन्हा व्हिडिओ मागितला आहे, कारण आधीच्या व्हिडिओत ‘यंत्राचा पडदा स्पष्ट दिसत नाही’. अहो, तीच तर तक्रार आहे! खिडकीशी बसून, मागे पांढरा कागद धरून, हात न हलवता मी त्या काळ्या पडद्याचं चित्रण केलं. याहून स्पष्ट काळं मला जमायचं नाही.

पत्र खुलं आहे, तेव्हा चव्हाट्यावर जमलेल्यांना थोडं सांगायला हवं. हार्डवेअर वॉलेट म्हणवणाऱ्या या यंत्रात क्रिप्टोची नाणी नसतात. नाणी म्हणजे जगभरच्या संगणकांवर असलेल्या सामायिक वहीतल्या नोंदी. यंत्रात असते ती त्या नोंदी हलवण्याची गुप्त किल्ली. व्यवहार करायचा झाला की संगणक तपशील आत पाठवतो, यंत्र आतल्या आत सही करतं आणि फक्त सही बाहेर देतं. किल्ली कधीच बाहेर पडत नाही. यंत्र सुरू करताना ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले २४ शब्द देतं. ते कागदावर उतरवायचे, फोटो काढायचा नाही, संगणकावर टाइप करायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत. यंत्र हरवलं तर या शब्दांवरून किल्ली पुन्हा उभी करता येते. आणि ते शब्द ज्याच्या हाती पडले, त्याची सगळी नाणी. पोलीस, बँक, न्यायालय, कुणीही ती सहजासहजी परत ओढून आणू शकत नाही.

अशा वस्तूच्या नादाला नाशिकच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघणारी बाई का लागली? १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलरची नाणी चोरीला गेली, जवळजवळ दोन हजार कोटी रुपये. लाखो लोकांचे पैसे अडकले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात चहा पिताना जो तो एकच वाक्य म्हणत होता: किल्ली आपली नाही तर नाणी आपली नाहीत. माझी नाणी थोडीच होती, पण मीही घाबरले आणि आपलं यंत्र मागवलं. आपल्या जाहिरातीत होतं, कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. एक्स्चेंजवर नाही, बँकेवर नाही, आमच्यावरसुद्धा नाही. मी शब्दशः मान्य केलं. आता आपल्याला त्याचा राग का यावा?

पडदा आधी फिकट झाला. मग उन्हात दिसेना, मग सावलीतही दिसेना, आणि एके दिवशी गेलाच. आपण कळवलंत, ‘बिघाड केवळ पडद्याचा आहे, यंत्राचं काम सुरक्षितपणे चालू आहे.’ केवळ पडद्याचा! संगणकात विषाणू असू शकतो, ब्राउझर खोटा पत्ता दाखवू शकतो, म्हणून आपण पैसे कुठे पाठवतो आहोत ते त्या बोटभर पडद्यावर वाचायचं आणि मगच बटण दाबायचं, हे आपल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले ते असेच. सही करणाऱ्यांसमोर संगणकावर नेहमीचा साधा व्यवहार दिसत होता आणि सही पडत होती भलत्याच गोष्टीवर. तेव्हा पडदा ही यंत्राची शोभा नव्हे. पडदा गेला की मी काय मंजूर करते आहे ते मलाच कळत नाही. असं यंत्र ‘सुरक्षितपणे चालू’ असेल तर बंद म्हणजे काय, तेवढं एकदा कळवावं.

आता मुख्य दुखणं. नवीन यंत्र मिळण्यासाठी जुनं आधी आपल्याकडे पाठवायचं, आणि पाठवण्यापूर्वी त्यातली किल्ली पुसून टाकायची, असा आपला नियम आहे. नियम उत्तम. किल्ली पुसण्यासाठी यंत्राच्या सेटिंगमध्ये जायचं. सेटिंग कुठे दिसतं? पडद्यावर. हे मी नम्रपणे कळवल्यावर आपण दुसरा उपाय सुचवलात: सलग तीनदा चुकीचा पिन टाका, यंत्र स्वतःच सगळं पुसतं. हेही उत्तम. पण आपल्या यंत्रात पिनचा प्रत्येक आकडा दोन बटणांनी वरखाली करून निवडावा लागतो आणि शेवटी बरोबरची खूण शोधून ती दाबावी लागते. थोडक्यात, चुकीचा पिन टाकायलाही पडदा लागतो. तरी मी आंधळेपणाने बटणं दाबली. संध्याकाळभर दाबली. समजा पुसलं गेलंही असेल. ते पुसलं गेलं हे मला सांगणार कोण? पडदा!

यावर आपण जे लिहिलंत ते मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आपण म्हणता, खात्री नसेल तर यंत्र पाठवण्याआधी सगळी नाणी दुसऱ्या यंत्रावर हलवावीत. दुसरं यंत्र कुठलं? खाली आपल्याच दुकानाचा दुवा आणि सोबत सवलतीचं कूपन! म्हणजे पहिल्या यंत्राची वॉरंटी वापरायची तर आधी दुसरं यंत्र विकत घ्यायचं. तिजोरीचं दार बिघडलं म्हणून तक्रार करावी, तर दुकानदाराने म्हणावं, दागिने ठेवायला नवी तिजोरी घ्या, मग जुनीचं बघू. आणि हे म्हणताना त्याला हसूसुद्धा येऊ नये. दुसरं यंत्र घ्यायचं नसेल तर २४ शब्द फोनमधल्या एखाद्या ॲपमध्ये भरून नाणी हलवता येतात, हेही आपण जाताजाता सुचवलंत. ते शब्द फोनमध्ये कधीही भरू नका, हे ठळक अक्षरांत सांगणारं कार्ड आपल्याच खोक्यात मिळालं होतं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

बाकीच्या तक्रारी आटोपशीर सांगते. वॉरंटी. युरोपियन संघातल्या ग्राहकाला तिथल्या कायद्यामुळे विकलेल्या मालाची किमान दोन वर्षं हमी मिळते. मला एकच वर्ष. आपला पडदा बहुधा नाशिकच्या गंगापूर रोडच्या हवेत लवकर म्हातारा होतो. त्यातही तक्रार वर्षाच्या आत केली, व्हिडिओ-व्हिडिओ खेळण्यात वर्ष उलटलं, आणि आता आपण लिहिता की वॉरंटीचा काळ ‘तपासावा लागेल’. तपासा. तारखा आपल्याच पत्रांवर आहेत.

कस्टम. बदली यंत्र बाहेरून येणार, म्हणजे कुरिअरवाला पॅन आणि आधार मागणार, आणि फुकट मिळालेल्या बदली वस्तूवर जकात का भरायची, हे मी त्याला समजावणार. पार्सलवरच्या घोषणापत्रात आत काय आहे ते स्वच्छ लिहिलेलं असणार. गोदामापासून आमच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळणार की या घरात क्रिप्टो आहे. माणसं कुजबुजतील, याची मला भीती नाही. भीती वेगळीच आहे. अशीच यंत्रं बनवणाऱ्या फ्रान्सच्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये चोरीला गेली. त्यातल्या सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघड्यावर आले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रं आली, कंपनीच्या नावाच्या पत्रासकट. ती कंपनी आपण नव्हे, हे मान्य. पण माझा पत्ता, फोन, बिल आणि यंत्राचा क्रमांक मागताना आपल्यालाही ती गोष्ट आठवत असेल, अशी आशा आहे.

आमचं सरकारही आपल्याच पंक्तीला बसलं आहे. २०२२ पासून या नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर. खरेदीची किंमत सोडून कसलाही खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. म्हणजे आपलं यंत्र, त्याची जकात आणि आपण कूपनसकट सुचवलेलं दुसरं यंत्र, सगळं माझ्या पदरचं. लोकांचे हे हिशेब मी रोज करते, त्यामुळे माझ्यापुरता तरी हिशेब चुकणार नाही.

कायदा माझ्या बाजूने आहे, असं आपण गृहीत धरायला हरकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतात नियमित माल विकणाऱ्या परदेशी दुकानालाही लागू होतात: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. पोच मात्र आपण चोख दिलीत. ती यंत्रच देतं, आणि ते बहुधा आपल्या कारखान्यातलं नसावं.

यानंतर जे झालं ते लिहिताना माझा उपरोध संपतो.

आपल्या उत्तराची वाट बघून कंटाळले आणि आपल्या कंपनीचं नाव घेऊन समाजमाध्यमावर चार ओळी लिहिल्या. काही मिनिटांत उत्तरं आली. आपली नव्हेत. आपल्या कंपनीचं चिन्ह लावलेली, ‘अधिकृत मदत केंद्र’ नावाची माणसं. त्यांनी माझं नाव विचारलं, यंत्र कुठलं ते विचारलं, झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. एकाने तर मराठीत विचारलं, ताई, जेवलात का? पडद्याचा व्हिडिओ कुणीच मागितला नाही. पडदा गेलाय म्हटल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं की पडदा गेलाय. नवीन यंत्र दोन दिवसांत घरपोच, कस्टमची कटकट नाही, फक्त ‘पडताळणीसाठी’ एका पानावर २४ शब्द भरा.

मी भरले नाहीत. पण कंपनीत बसून हे वाचणाऱ्या तुम्हाला कळतंय का काय चाललंय ते? चोर तुमच्यापेक्षा चांगली ग्राहकसेवा देतो. तो लवकर उत्तर देतो, माणसासारखं बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात माझ्या तक्रारीवर विश्वास असतो. तुम्ही लांबवलेल्या प्रत्येक दिवसावर त्याचा धंदा चालतो. यंत्र बंद, पैसे अडकलेले, रात्रीचे दीड वाजलेले, कंपनीकडून ठोकळेबाज ओळी, आणि त्यात कुणीतरी प्रेमाने विचारतं, जेवलात का. निवृत्तीचे पैसे यात घातलेला माणूस अशा वेळी काय करेल? शब्द भरेल. आणि सगळं गेल्यावर तो तुम्हाला लिहील, तेव्हा तुम्ही त्याला ठळक अक्षरांतलं ते कार्ड दाखवाल. हे चीड आणणारं आहे. बाकीचं सगळं, जकात, कूपन, काळा व्हिडिओ, हसण्यावारी नेता येतं. हे नेता येत नाही.

आणि तू, दरवेळी पत्राखाली फक्त पहिलं नाव लिहिणारा. नावावरून मुलगा वाटतोस, कुठल्या देशात बसतोस ते कळत नाही. तुझ्यावर मी एकदा वाईट भाषेत तुटून पडले होते. त्यावर तुझं जे उत्तर आलं त्यात नेहमीच्या ठोकळ्याच्या वर एक स्वतःची ओळ होती: मलाही हे नियम पटत नाहीत, पण माझ्या हातात फक्त अर्ज पुढे पाठवणं आहे. ती ओळ लिहिल्याबद्दल तुला कुणी बोललं नसेल, अशी आशा आहे. तुझ्याकडे दिवसभर कोण कोण येत असेल, याचा मी विचार केला. शब्दांचा कागद पुरात वाहून गेलेला माणूस. नवऱ्याच्या पश्चात त्याचं यंत्र हातात धरून बसलेली बाई, जिला पिन माहीत नाही आणि शब्दांचा कागद कुठे आहे तेही माहीत नाही. आपलेच शब्द चोराच्या पानावर भरून आलेला मुलगा. त्यातल्या कुणालाही तू मदत करू शकत नाहीस, कारण यंत्र बनवलंच आहे असं की बनवणाऱ्यालाही आत हात घालता येऊ नये. बँकेतला कारकून निदान साहेबाकडे पाठवू शकतो. तुला रोज कितीतरी लोकांना सांगावं लागतं की गेलं ते गेलं, आणि खाली ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ हा प्रश्न जोडावा लागतो. मी पाच दिले होते. त्यातला एकही तुझ्या कंपनीला नव्हता.

तेव्हा मागणं एवढंच. पडदा गेलेल्या यंत्रासाठी वेगळा नियम करा: नवीन आधी पाठवा, मी त्यावर किल्ली उभी करीन, नाणी नव्या पत्त्यावर नेईन, मग जुनं निर्धास्तपणे परत पाठवीन. तारण म्हणून यंत्राची किंमत माझ्या कार्डावर अडकवून ठेवा, माझी हरकत नाही. तक्रारीची तारीख हीच वॉरंटीची तारीख धरा. आणि खोक्याबाहेर कंपनीचं नाव छापू नका.

कळावे,
आपली,
क्रमांकाने ओळखली जाणारी एक ग्राहक

ता. क. या पत्राला येणारं उत्तर खरोखर आपलंच आहे, हे मी कसं ओळखणार, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. काळजी नसावी. उशिरा आलं, कोरडं असलं आणि त्यात आणखी एक व्हिडिओ मागितलेला असला, की मी ते अस्सल समजेन.