सव्वादोन हजार टप्पे

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ जुलै

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. मुंबईपासून आमच्याकडे टप्पे किती, असं विचारलंत. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेला माणूस दुसरं काय विचारणार! मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे २,२५० टप्पे झाले. पंचाहत्तरीमुळे तुम्हाला एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट. विमानात ही सोय नाही. उगाच आधार कार्ड पुढे करू नका.

तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी वाट काढलीत. पण आबा, सपाट आहे तो नकाशा. चिनूच्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून बघितला. तो काश्मीर, सायबेरिया करत आर्क्टिक समुद्रावर चढतो आणि अलास्कावरून इकडे उतरतो. सगळ्यांत जवळची वाट ती. पायलट दर वेळी तिनेच आणतो असं नाही. वारा पाठीशी मिळणार असेल तर पॅसिफिकवरून लांबचा फेरा घेतो आणि तरी लवकर पोचतो. एखाद्या देशाने आकाश बंद केलं असेल तर निमूट वळसा घालतो. दरड कोसळली की तुमची गाडी आंबा घाट सोडून कुंभार्लीने जायची, तसंच.

थेट विमान मिळालं तर सोळा-सतरा तास. गंमत पुढे आहे. दुपारी २ ला मुंबई सोडलीत तर सतरा तासांनी इथे उतराल, ते त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला! सध्या आमचं घड्याळ साडेबारा तास मागे आहे ना. परतीला मात्र सगळं वसूल होतं. सोमवारी रात्री ८ ला इथून निघालात, की मुंबईत टेकता तेव्हा मध्यरात्र उलटून बुधवार लागलेला असतो. अख्खा मंगळवार वरच्या वर गायब. आईने मंगळवारचा उपवास धरायचा कधी आणि सोडायचा कधी, हे गुरुजींना आत्ताच विचारून ठेवा.

लांब म्हणाल तर खरं लांब आपलं देवरुख. मागच्या खेपेला विमान वेळेवर आलं आणि मुंबईहून घरी यायला मला अकरा तास लागले. माणगावला दोन तास एकाच म्हशीकडे बघत बसलो होतो. शेवटी ती उठून पुढे गेली, आमची गाडी तिथेच.

तेव्हा गणपती झाले की तिकिटं काढू का? फोनवर विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता, म्हणून पत्र लिहिलं. हो की नाही, एवढंच कळवा. आईला खिडकीची जागा सांगतो. तुम्हाला मधल्या वाटेलगतची, म्हणजे पुढून मागे फेऱ्या मारता येतील.

आपला,
बाळू