खेकडा हाजीर हो!

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, लहानसं. भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. एवढ्या मोठ्या गुन्ह्याचा आरोपी सापडायचा तर आपल्याकडे दोन-तीन समित्या आणि मधे एखादं सरकार जावं लागतं. इथे तो काही दिवसांतच सापडला. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी जाहीर केलं, की धरण खेकड्यांनी पोखरलं.

निविदा नाही, नारळ नाही, वाढीव खर्चाचा प्रस्ताव नाही, तरी काम पूर्ण! सरकारी खात्याला धडकीच भरावी. ठाण्यात विरोधकांनी तर खेकडे उचलून थेट पोलीस ठाण्यात हजर केले, करा म्हणाले अटक. कलम शोधता आलं असतं. पण दहांपैकी नेमक्या कोणत्या पायांत बेड्या घालायच्या?

ही वाट बिहारने आधीच मळून ठेवली होती. २०१७ च्या पुरात बांध कमकुवत झाल्याचं खापर तिथल्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदरांवर फोडलं. त्याच वर्षी जप्त केलेली दारूही उंदरांनीच संपवल्याचं तिथल्या पोलिसांचं म्हणणं होतं. त्या मानाने आमचा खेकडा निर्व्यसनी.

खरी गोम अशी, की मंत्रिमहोदय अगदीच चुकले नव्हते. खेकडे, घुशी मातीच्या भरावात बिळं करतात. हे खात्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर पावसाळ्याआधी भरावावरची झाडंझुडपं काढायची, बिळं बुजवायची आणि पायथ्याशी उतरून गळती पाहायची असते. पाझर नितळ असेल तर नजर ठेवायची. गढूळ दिसला, की धरणाच्या पोटातली माती निघू लागली म्हणून समजायचं. मग हाताशी फार वेळ उरत नाही. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. थोडक्यात, खेकडा कामावर होता. रजेवर कोण होतं, ते विचारायचं राहून गेलं.

तुमच्या गावाच्या वर असं धरण असेल तर यंदा मृग लागायच्या आत पायथ्याशी एक चक्कर मारा. पाणी गढूळ दिसलं तर लेखी तक्रार द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ती घरात उंच फळीवर ठेवा.